वायफाय चालू, स्पीकर बंद : न जुळणाऱ्या जोडणीचा आढावा

घरातले सगळे फोन वायफायवर चालताहेत, टीव्हीवर मालिका सुरू आहे आणि नुकताच खोक्यातून काढलेला स्मार्ट स्पीकर मात्र इंटरनेट मिळत नाही म्हणून अडून बसला आहे. ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते आणि तिच्यावर सल्ल्यांनाही तोटा नाही. राउटर बंद करून चालू करा. स्पीकर रीसेट मारा. २.४ वर टाका. पासवर्ड सोपा ठेवा. राउटरच बदला. यातला प्रत्येक सल्ला कुणाच्या ना कुणाच्या घरी लागू पडलेला असतो, त्यामुळे देणारा तो छातीठोकपणे देतो. दुसऱ्याच्या घरी तोच वाया गेला की वाद सुरू होतो. हा वाद जरा लांबून पाहिला तर त्यातले बरेच जण एकाच तक्रारीच्या नावाखाली वेगवेगळ्या बिघाडांबद्दल बोलत असल्याचं दिसतं. कोणता बिघाड कुठला, त्यावर कोणाचं काय म्हणणं आहे आणि कुठे अजून एकमत नाही, ते क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

अमेझॉनने पहिला एको स्पीकर नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत आणला. गूगल होम २०१६ मध्ये आला, ॲपलचा होमपॉड २०१८ मध्ये. भारतात एको ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि गूगल होम एप्रिल २०१८ मध्ये पोचला. सप्टेंबर २०१९ पासून एकोमधली सहायक अलेक्सा हिंदीही बोलू लागली. हे स्पीकर येईपर्यंत घरात वायफायला जोडायची बहुतेक यंत्रं पडद्याची होती. लॅपटॉप असो वा फोन, समोर नावांची यादी दिसायची, त्यातलं आपलं निवडायचं, पासवर्ड टाकायचा, चुकला तर तिथल्या तिथे कळायचं. स्पीकरला ना पडदा ना कळफलक. पासवर्ड त्याच्यापर्यंत पोचवायला फोनला मध्ये घ्यावं लागलं आणि दोघांतला व्यवहार तिघांचा झाला.

वायफाय त्याहून बरंच जुनं. मूळ मानक १९९७ चं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरू देणारी अधिसूचना जानेवारी २००५ मध्ये निघाली. स्पीकर इथे आले तेव्हा शहरांतली घरं तांब्याच्या तारेवरून फायबरकडे वळत होती. आपल्याकडे राउटर सहसा ग्राहकाने निवडलेला नसतो, जोडणीबरोबर आलेला असतो. त्याची जागाही घराचा मध्य बघून ठरत नाही. केबलवाल्याने जिथे भोक पाडलं तिथे तो बसतो. टूबीएचकेत तो दाराच्या वर, टीव्हीच्या मागे नाहीतर थेट माळ्यावर सापडतो, आणि स्पीकर हवा असतो स्वयंपाकघराच्या ओट्याशी. मधे दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि फ्रीज. कोकणातल्या चिऱ्याच्या घरात तर भिंतच हातभर जाडीची. ही मांडणी ध्यानात ठेवली तर पुढचे काही वाद समजायला सोपे जातात.

नेमकं कुठे अडतं

स्पीकर पहिल्यांदा चालू झाला की तो स्वतःचं एक तात्पुरतं वायफाय सोडतो किंवा ब्लूटूथवर फोनची वाट पाहतो. फोनमधलं ॲप त्याला गाठतं आणि घरच्या वायफायचं नाव-पासवर्ड त्याच्या हवाली करतं. मग स्पीकर ते नाव हवेत शोधतो. सापडलं तर राउटरशी ओळख पटवावी लागते. तिथे पासवर्डही जुळायला हवा आणि कुलपाची, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धतही. ती जुळली की राउटर त्याला घरातला एक पत्ता देतो, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा. त्यानंतर कंपनीचा सर्व्हर कुठल्या पत्त्यावर आहे हे तो डीएनएसला विचारतो, घड्याळ लावून घेतो, सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो आणि शेवटी आपण कोणाच्या खात्यातले ते सांगतो. घड्याळाची गोष्ट किरकोळ वाटेल, पण बंद पडल्यावरही चालत राहणारं घड्याळ अशा यंत्रांत सहसा नसतं. वीज आली तेव्हा आज तारीख कोणती हेच त्याला ठाऊक नसतं, आणि तारीख चुकली की खरं प्रमाणपत्रही खोटं ठरतं.

यातला कोणताही दुवा निसटला तरी बाहेर दिसणारं लक्षण एकच. एकोवर नारिंगी प्रकाश फिरत असेल तर तो सेटअपमध्ये आहे, जांभळा लुकलुकला तर वायफायचा सेटअप फसला. पण फसला म्हणजे नाव सापडलं नाही, पासवर्ड चुकला की पत्ता मिळाला नाही, हे तो रंग सांगत नाही. ॲपमध्ये थोडं अधिक कळतं, तेही दर वेळी नाही.

ही माहिती दुसऱ्या एका ठिकाणी मात्र मिळते आणि तिथे फारसं कोणी जात नाही. राउटरच्या स्वतःच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. त्यात स्पीकर दिसत असून त्याला १९२.१६८ चा पत्ता मिळालेला असेल, तर नाव, पासवर्ड, कुलूप हे सगळं ठीक आहे आणि दोष त्याच्या पुढे आहे. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने तो दिलेलाच नाही, यंत्राने हताश होऊन स्वतःचा स्वतः घेतला आहे. यादीत नावच नसेल तर घोळ पहिल्या टप्प्यांतला. माझ्या मते स्पीकरला हात लावण्याआधी ही यादी बघावी. निम्मे सल्ले तिथेच गळून पडतात.

दुसरी चाचणी मोबाइल हॉटस्पॉटची. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून स्पीकर त्यावर जोडायचा. जोडला गेला तर स्पीकर धडधाकट आहे, शोध घरच्या राउटरकडे वळवावा. आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये सुसंगतता वाढवण्याचा एक पर्याय असतो. तो चालू केला की हॉटस्पॉट २.४ वर येतो आणि जुनी यंत्रंही त्याला पाहू शकतात.

२.४ की ५

सर्वांत जास्त रंगलेला वाद हा आहे. आजचे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांबीची, ५ ची सहाच्या आसपास. आखूड लहर भिंतीत जास्त शोषली जाते, त्यामुळे ५ चा वेग चांगला पण पोच कमी. पूर्वी राउटर या दोन पट्ट्यांना दोन वेगळी नावं देत. आता बहुतेक ठिकाणी एकच नाव असतं आणि कोणत्या यंत्राला कुठे ठेवायचं ते राउटर ठरवतो.

एका बाजूचं म्हणणं असं की अडचणीचं मूळ हेच एक नाव. सेटअपच्या वेळी फोन ५ वर असतो, स्पीकर २.४ वर चाचपडत असतो, आणि राउटर नव्या यंत्राला ५ कडे ढकलायच्या नादात त्याचं पहिलं बोलणं मुद्दाम ऐकत नाही. फोन पुन्हा विचारतो आणि आत येतो. साधं यंत्र दोनदा नकार मिळाल्यावर प्रयत्न सोडतं. म्हणून दोन्ही पट्ट्यांची नावं वेगळी करा, स्पीकर २.४ वर बसवा, काम झालं. घरोघरी राउटर लावणारी मुलं बहुतेक हाच तोडगा करून जातात आणि पुष्कळदा तो चालतोही.

दुसरी बाजू घरात जागोजागी ठेवायचे मेश राउटर बनवणाऱ्यांची आणि जाळ्यांचं काम करणाऱ्या बऱ्याच अभियंत्यांची. नावं वेगळी केली की घरात फिरणारा फोन एका पट्ट्याला चिकटून बसतो, खोली बदलली तरी सोडत नाही. एका स्पीकरच्या सोयीसाठी बाकी सगळ्या यंत्रांचा वेग का मारायचा, असा त्यांचा सवाल. सेटअपपुरता ५ बंद करा, जोडणी झाली की चालू करा, एवढंच ते सुचवतात. काही राउटरांत फक्त स्मार्ट यंत्रांसाठी २.४ चं एक निराळं नाव काढायची सोय आली आहे. हा त्यातला मधला मार्ग.

या वादात एक गैरसमज मुरलेला आहे. स्मार्ट स्पीकर फक्त २.४ वर चालतात असं सर्रास सांगितलं जातं, पण पहिल्या एकोपासून दोन्ही पट्टे होते. गूगलच्या आणि ॲपलच्या स्पीकरांतही आहेत. फक्त २.४ वर चालतात ते स्मार्ट बल्ब, प्लग, पंख्यांचे स्विच. त्यांतल्या कित्येकांत २०१४ पासून बाजारात असलेल्या ईएसपी८२६६ सारख्या स्वस्त चिप असतात आणि त्या चिपला ५ माहीतच नाही. बल्बसाठीचा सल्ला स्पीकरला चिकटला तो बहुधा दोन्ही वस्तू एकाच वेळी घरात आल्यामुळे. तरीही तो सल्ला कधी कधी लागू पडतो, पण कारण निराळं असतं : ओट्यापर्यंत ५ ची रेंजच पोचत नसते.

रेंज मोजायचं माप डीबीएम. फोनमधल्या एखाद्या वायफाय तपासणाऱ्या ॲपवर ते दिसतं. उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत गाणी-बोलणं बिनघोर, उणे ८० च्या खाली गेलं की जोडणी लागली तरी टिकत नाही. मोजताना फोन स्पीकरच्या जागी ठेवून मोजावा. हातात धरून सोफ्यावर बसून मोजलेली रेंज सोफ्याची असते.

तिसरा गट पट्ट्यांपेक्षा गर्दीकडे बोट दाखवतो. २.४ मध्ये भारतात १३ चॅनेल आहेत खरे, पण ते एकमेकांत शिरलेले. एकमेकांना अजिबात धक्का न लावणारे तीनच : १, ६ आणि ११. चार मजली सोसायटीत, प्रत्येक फ्लॅटमध्ये एक राउटर, आणि सगळ्यांना वाटून घ्यायला हे तीन. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच पट्ट्याच्या मधोमध चालतो. ब्लूटूथही तिथेच. स्पीकर ओव्हनशेजारी ठेवलेला असेल आणि दूध तापवताना गाणं तुटत असेल तर राउटरला दोष देऊन उपयोग नाही.

चॅनेलच्या बाबतीत परदेशातून आलेल्या वस्तूंची एक खास अडचण आहे. अमेरिकेत राउटर १ ते ११ एवढेच चॅनेल वापरतात आणि तिथल्या बाजारासाठी बनलेली कित्येक यंत्रं १२ व १३ कडे बघतच नाहीत. न्यू जर्सीहून मुलाने पाठवलेला स्पीकर पुण्यात आईच्या घरी राउटर दिसतच नाही म्हणतो. शेजारी इथेच घेतलेला फोन मात्र मजेत चालतो. राउटरने त्या दिवशी आपण होऊन १३ वा चॅनेल धरलेला असतो, बस्स. चॅनेल हाताने १, ६ किंवा ११ वर बसवला की स्पीकरला तो दिसतो. हा दोष मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत फसवा वाटतो, कारण राउटर पुन्हा चालू केला आणि त्याने योगायोगाने ६ धरला की सगळं आपोआप सुरळीत होतं, आणि श्रेय बंद-चालू करण्याला मिळतं.

नाव, पासवर्ड, कुलूप

वायफायला नाव देताना मर्यादा ३२ बाइटची असते. इंग्रजीत त्यात ३२ अक्षरं बसतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी मोजायची. ‘पाटीलवाडा’ नऊ चिन्हांत बसतो. ‘श्रीगणेशकृपा’ बारा चिन्हं आणि ३६ बाइट, ते बसत नाही. बसलेलं देवनागरी नावही काही यंत्रांच्या यादीत चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन उमटतं. मराठी नावाची हौस असेल तर मुख्य वायफायला जरूर द्यावं. स्पीकरसाठी निराळं साधं नाव ठेवलेलं बरं. पासवर्ड तर नेहमीच्या पद्धतीत ८ ते ६३ इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं एवढाच असू शकतो, आणि शेवटी फोनच्या कळफलकाने टाकलेली रिकामी जागाही त्यात मोजली जाते.

कुलपाच्या पद्धतीवर मतभेद खरे आहेत. डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी कच्चं ठरवलं. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३. जुलै २०२० पासून वायफायचा अधिकृत शिक्का हवा असेल तर डब्ल्यूपीए३ असणं सक्तीचं झालं. २०१७-१८ चे स्पीकर या सक्तीच्या आधीचे. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवला तर त्यांतल्या अनेकांना आत येता येत नाही. दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय राउटरांत असतो, पण काही जुनी यंत्रं मिश्र जाहिरात पाहूनही गोंधळतात. सुरक्षेचा आग्रह धरणारे म्हणतात, एका जुन्या डब्यासाठी घराचं कुलूप ढिलं करू नका, डबा बदला. वापरणारे म्हणतात, चालू वस्तू फेकायची कशाला, डब्ल्यूपीए२ वर अख्खं जग चाललं आहे. दोन्हींत तथ्य आहे. लांब पासवर्ड असलेलं डब्ल्यूपीए२ आजही बहुतेक घरांना पुरतं, असं माझं मत.

पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायचा मुद्दा असाच दुहेरी. अशी यंत्रं मुख्य जाळ्यापासून दूर ठेवावीत, असा सल्ला एफबीआयच्या पोर्टलंड कार्यालयानेही २०१९ मध्ये दिला होता. पण पाहुण्यांच्या जाळ्यात एका यंत्राला दुसरं दिसत नाही, हाच त्याचा हेतू. फोन एका बाजूला, स्पीकर दुसऱ्या बाजूला, मग फोनवरचं गाणं स्पीकरवर लावायचा पर्यायच उगवत नाही. तोंडी हुकूम मात्र चालतात, कारण ते इंटरनेटवरून जातात. म्हणजे स्पीकर जोडलेला आहे आणि नाहीही.

होस्टेल, पीजी आणि कंपनीची गेस्ट हाउसेस इथला प्रश्न याहून अवघड. तिथे वायफायला जोडल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडतं आणि खोली क्रमांक, मोबाइल नंबर मागतं. पडदा नसलेल्या स्पीकरने ते पान उघडायचं कुठे? एकोमध्ये ॲपवरून काही ठिकाणी हे जमतं, बाकीच्यांत बहुधा नाही. कॉलेजच्या वायफायला प्रत्येकाचं वेगळं नाव-पासवर्ड लागतं, तिथेही घरगुती स्पीकर अडतो. खिशातला छोटा राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट, एवढेच मार्ग उरतात.

मध्यस्थ फोन

या भागात वाद कमी, गोंधळ जास्त. सेटअप करताना फोन स्पीकरच्या तात्पुरत्या वायफायवर जातो. त्या वायफायवर इंटरनेट नसतं, हे उघड आहे. पण अँड्रॉइडला ते खटकतं. ‘इथे इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का’ अशी सूचना वर येते, ती नजरेआड होते आणि फोन गुपचूप मोबाइल डेटावर परत जातो. ॲप गोल फिरत राहतं. सेटअपपुरता मोबाइल डेटा बंद ठेवला की हे टळतं. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद ठेवावा.

परवानग्यांचं असंच. अँड्रॉइड ६ पासून आसपासची वायफाय शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागू लागली, आणि लोकेशन नको म्हणणं हा शहाण्या सवयीचा भाग झालेला. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून घरातल्या जाळ्यातली यंत्रं पाहायला वेगळी परवानगी आहे; पहिल्यांदा नाही म्हटलं तर ॲप पुन्हा विचारत नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. होमपॉडने यातला बराच त्रास वाचवला आहे. आयफोन शेजारी धरला की त्याच्यावरचं वायफाय स्पीकर उचलतो, पासवर्ड टाकायचाच नाही. घरात आयफोन नसेल तर मात्र ही सोय कामाची नाही.

रीसेट आधी की शेवटी

बंद करून चालू करणं आणि फॅक्टरी रीसेट करणं या दोन गोष्टी बोलताना एक होतात, परिणाम मात्र अगदी वेगळे. पहिल्याने यंत्राची अडकलेली अवस्था मोकळी होते. दुसऱ्याने वायफाय, खातं आणि काही यंत्रांत बल्बांशी बांधलेल्या गाठीसुद्धा पुसल्या जातात.

ग्राहक सेवेचा कल रीसेटकडे असतो. त्याला कारण आहे : फोनच्या पलीकडून नेमका दोष शोधायला वेळ लागतो, कोरी पाटी मिळाली की ठरलेल्या पायऱ्या सांगता येतात. दुरुस्ती करणारे अनुभवी लोक रीसेट शेवटी ठेवतात. मार्च २०२५ मधल्या एका घटनेने त्यांची बाजू बळकट केली. ९ मार्चला टीव्हीला लावायच्या गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टचं आणि साध्या स्पीकरला स्मार्ट करणाऱ्या क्रोमकास्ट ऑडिओचं दहा वर्षांच्या मुदतीचं एक प्रमाणपत्र संपलं. जगभरची ही यंत्रं एकाच दिवशी अविश्वासू ठरली. लोकांनी सवयीने रीसेट केला, तर रीसेट करू नका असं गूगलला सांगावं लागलं. कारण पुसलेलं यंत्र नव्याने जोडताना तेच संपलेलं प्रमाणपत्र आडवं येत होतं. काही दिवसांत दुरुस्ती आली. रीसेट न केलेली यंत्रं आपोआप सुरू झाली, रीसेट केलेल्यांना ॲपच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागली.

लोडशेडिंग किंवा वीज जाऊन आल्यावर अडणारा स्पीकर हा याच वादाचा देशी प्रकार. फायबरचा डबा आणि राउटर पूर्ण जागा व्हायला काही मिनिटं घेतात, स्पीकर त्याआधी उठतो, कोणी दिसत नाही म्हणून रुसतो. बहुतेक यंत्रं थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात; न करणाऱ्यांचा प्लग राउटर स्थिरावल्यावर काढून लावला की पुरतं. राउटर छोट्या यूपीएसवर ठेवला तर हा प्रश्न जवळजवळ संपतो.

दोष घराबाहेरचा

स्पीकर अडला की स्पीकरवर किंवा राउटरवर संशय जातो, पण गुन्हेगार तिसराच निघाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. जानेवारी २०१८ मध्ये गूगलचे स्पीकर घरात आणल्यावर राउटर कोलमडतात अशा तक्रारी आल्या. टीपी-लिंकच्या अभियंत्यांनी तपास केला तेव्हा कळलं की गूगलचं कास्ट सॉफ्टवेअर घरातल्या इतर यंत्रांना ठरावीक वेळाने हाक मारतं, आणि झोपेतून उठल्यावर झोपेत राहून गेलेल्या सगळ्या हाका एकदम मारतं. जास्त वेळ झोपलेलं यंत्र क्षणार्धात एक लाखाहून अधिक संदेश सोडू शकत होतं. राउटर त्या लोंढ्याखाली बंद पडायचा. आणि हे सॉफ्टवेअर अँड्रॉइड फोनांतही होतं. गूगलने त्याच महिन्यात दुरुस्ती पाठवली.

२० ऑक्टोबर २०२५ ला अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरकेंद्रात डीएनएसचा घोळ झाला आणि अलेक्सासह असंख्य सेवा काही तास लंगड्या झाल्या. त्या दिवशी ज्यांनी राउटर उघडून सेटिंग बदलली असतील, त्यांनी चालू घर बिघडवलं. फोनवर इंटरनेट चालू, राउटरच्या यादीत स्पीकर दिसतोय, आणि तरी तो बोलत नाही, अशा वेळी काही तास काहीच न करणं हा उपाय यादीत असायला हवा. तो कुठल्याच मदत पुस्तिकेत पहिल्या पानावर नसतो.

इथून एक मोठा मतभेद सुरू होतो. दिवा लावायला व्हर्जिनियापर्यंत जायची गरज काय, असं विचारणारा गट घरातच आवाज समजून घेणारी यंत्रं बनवतो. होम असिस्टंट या मुक्त प्रकल्पाने डिसेंबर २०२४ मध्ये असं एक यंत्र आणलं. मोठ्या कंपन्यांचा प्रवास उलट दिशेने आहे. अमेरिकेत काही एको यंत्रांवर रेकॉर्डिंग कंपनीकडे न पाठवता आवाज यंत्रातच ओळखायची सोय होती, ती २८ मार्च २०२५ पासून काढली. नव्या, जास्त हुशार सहायकाला मोठे सर्व्हर लागतात, हे कंपनीचं म्हणणंही खोटं नाही. घरात चालणाऱ्या यंत्रांची समज अजून मर्यादित आहे, आणि मराठीत तर अधिकच.

जबाबदारी कोणाची

स्पीकर कंपनी म्हणते राउटर तपासा. इंटरनेट देणारा म्हणतो फोनवर नेट चालतंय ना, मग आमचं काम संपलं. राउटर बनवणाऱ्याला ग्राहक ओळखतच नाही, कारण राउटर त्याने घेतलेला नाही. त्याच्या सेटिंगचा पासवर्डही कित्येकदा वायफाय लावणाऱ्याकडेच राहतो, आणि चॅनेल बदलण्यासारखं दोन मिनिटांचं काम त्याच्या फेरीपर्यंत थांबतं. यात ग्राहकाचा दोष कमी आहे, एवढं म्हणायला हरकत नाही.

नवी मानकं हा गुंता थोडा सोडवतात. वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये क्यूआर कोड दाखवून जोडणी करायची पद्धत आणली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटरने वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना सेटअपची एकच भाषा दिली. कागदावर दोन्ही उत्तम आहेत. मॅटरचा भर मात्र बल्ब, कुलूप, पंखे यांच्यावर आहे आणि घराघरांत आधीच असलेल्या लाखो जुन्या स्पीकरांना त्याचा फायदा नाही. एका बटणावर जोडणारी डब्ल्यूपीएस ही जुनी सोपी पद्धत होती. तिच्या पिनमधली कमजोरी डिसेंबर २०११ मध्ये उघड झाली आणि २०१८ च्या अँड्रॉइड ९ मधून ती गेली. सोपं केलं की ढिलं होतं, घट्ट केलं की अडतं, हा ताण तेव्हापासून तसाच आहे.

कायद्याने आतापर्यंत सुरक्षेची बाजू हातात घेतली आहे. २०१६ मध्ये मिराई या घुसखोर प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले, त्यानंतर सरकारं जागी झाली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे ठरावीक पासवर्ड बेकायदा आहेत आणि सुरक्षा दुरुस्त्या किती काळ मिळतील हेही कंपनीला जाहीर करावं लागतं. भारतात दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये घरगुती स्मार्ट यंत्रांसाठी संहिता काढली. ती मार्गदर्शक आहे.

उरलेले प्रश्न

यंत्राला आपण कुठे अडलो हे माहीत असतं. नाव सापडलं नाही आणि पत्ता मिळाला नाही, हा फरक त्याच्या आतल्या नोंदीत स्पष्ट असतो. ग्राहकापर्यंत तो पोचवायचा की नाही, यावर एकमत नाही. तपशील दिला तर सामान्य माणूस घाबरतो, असं रचनाकारांचा एक गट मानतो. दुसऱ्याला वाटतं, स्पीकरला तोंड आहे, त्याने ‘पासवर्ड चुकला’ किंवा ‘राउटर पत्ता देत नाही’ एवढं म्हणावं. मी या दुसऱ्या गटात आहे, तरी पहिल्याची भीती अगदीच निराधार नाही; वायफाय लावणाऱ्याला न कळणारा संदेश ग्राहकाला कळून फायदा काय, हा प्रश्न उरतोच.

स्पीकरच्या आयुष्याचा प्रश्न याहून कठीण. पडदा, बॅटरी असं झिजणारं त्यात काही नाही. तो सहज दहा वर्षं टिकेल. आतल्या प्रमाणपत्राची मुदत मात्र ठरलेली असते आणि ती खोक्यावर छापलेली नसते. २०१७-१८ मध्ये आपल्याकडे आलेल्या पहिल्या खेपेतल्या कितीएक स्पीकरांची ही मुदत कधी संपते, हे त्यांच्या मालकांना सांगायची सक्ती भारतात आज तरी कोणावर नाही.